पहिलं लाकडी पेन कातण्याआधीची तयारी

लेथवर, म्हणजे लाकूड फिरवत कातायच्या यंत्रावर, पेन कातायचं काम तसं अर्ध्या-पाऊण तासाचं. पण पहिली चार-पाच पेनं वाया जातात ती बहुतेक लेथ सुरू होण्याआधीच, भोक पाडताना, नळी चिकटवताना किंवा टोकं सपाट करताना. म्हणून या यादीतला मोठा भाग त्याच कामांचा आहे.

किट, म्हणजे पेनाच्या नळ्या आणि सुट्या भागांचा संच, पहिल्यांदा साधंच घ्या. पिळून उघडणारं, 7 मिमीच्या दोन पितळी नळ्यांचं स्लिमलाइन बरं. त्याच किटचे बुशिंग (कातताना नळीच्या टोकांना बसणाऱ्या धातूच्या कड्या) सोबत घ्या, कारण पेनाची टोकं किती जाड ठेवायची हे बुशिंगच सांगतं आणि दुसऱ्या किटचं त्याला चालत नाही. सुट्या नळ्यांचा एक जोड जास्तीचा ठेवा. लाकूड फुटलं तर बाकीचं किट तरी वाचतं. मँड्रेल, म्हणजे ज्या दांड्यावर तुकडे ओवून कातायचे तो, विकत घेण्याआधी लेथच्या हेडस्टॉकचा (फिरवणाऱ्या डोक्याचा) मोर्स टेपर, म्हणजे त्यातल्या निमुळत्या भोकाचं माप, बघून घ्या. लहान लेथवर तो 1 किंवा 2 नंबरचा असतो आणि चुकीचा मँड्रेल त्यात बसतच नाही. त्याच वेळी टेलस्टॉक (लेथचं समोरचं, सरकतं टोक) पुढे सरकवून दोन्ही सेंटरांची (दोन्हीकडच्या अणकुचीदार भागांची) टोकं समोरासमोर येतात का, तेही पाहा. ती जुळत नसतील तर नळीभोवतीचं लाकूड एका अंगाला जाड आणि दुसऱ्या अंगाला पातळ होतं.

लाकूड पूर्ण वाळलेलं हवं. ओलं लाकूड पुढे आकसतं, पितळी नळी मात्र आकसत नाही, मग चीर पडते ती तयार पेनावर. साधारण 19 मिमी चौरस आणि 125 मिमी लांब, सरळ रेषांचा, बिनगाठीचा तुकडा निवडा. देखण्या गाठीचा मोह पुढच्या पेनांसाठी राखून ठेवा. तुकडा कापण्याआधी त्याच्या एका बाजूवर पेन्सिलीनं लांब रेघ मारा. दोन भाग झाल्यावर ही रेघ जुळवली की लाकडाच्या शिरा वरच्या भागातून खालच्या भागात सलग जातात. प्रत्येक भाग नळीपेक्षा तीन-चार मिमी लांब ठेवा.

आता भोक. इथे घाई अजिबात नको. ड्रिल बिट नवं किंवा नुकतंच धार लावलेलं असावं, तुकडा शेगड्यात (व्हाइसमध्ये) किंवा लेथच्या चकमध्ये (पकडीत) पक्का धरलेला असावा आणि वेग कमी असावा. सेंटीमीटरभर आत गेलं की बिट बाहेर काढा, भुसा झाडा, पुन्हा आत घाला. भुसा आत दाटला की बिट तापतं, आणि घट्ट लाकूड त्या उष्णतेनंच तडकतं. बिट पलीकडे निघताना कडेचं लाकूड फोडतं, वर ठेवलेली जास्तीची लांबी त्यासाठीच.

नळीला बाहेरून पॉलिश पेपर घासून खरखरीत करा, गुळगुळीत पितळाला गोंद धरत नाही. मी इपॉक्सी वापरायला सांगेन. सुपरग्लूनं नळी अर्ध्यातच अडकून बसायची भीती असते, इपॉक्सी सावकाश फिरवत आत ढकलायला वेळ देतं. रात्रभर सुकू द्या. मग बॅरल ट्रिमरनं (टोक सपाट करणाऱ्या कटरनं) दोन्ही टोकं पितळ चमकेपर्यंत घासा आणि लगेच थांबा. टोक नळीशी काटकोनात नसेल तर जोडणीत फट राहते, ती नंतर कशानंही बुजत नाही.

हत्यारं तीन पुरतात: रफिंग गाउज (चौकोनी तुकडा गोल करणारी पन्हळी पटाशी), बारीक स्पिंडल गाउज (आकार देणारी) आणि स्क्यू (तिरप्या धारेची सपाट पटाशी). धार लावायची सोय मात्र लेथच्या शेजारीच असू द्या. बोथट हत्यार दाबावं लागतं, आणि दाबलं की पातळ लाकूड उडतं.

चेहरा झाकणारी ढाल आणि धुळीचा मास्क हवाच. शिसवाच्या भुशानं काहींच्या अंगावर पुरळ उठतं. हातमोजे घालू नका. बाह्या कोपरापर्यंत दुमडा, केस बांधा, गळ्यातलं, हातातलं काढून ठेवा. पॉलिशला कापडाऐवजी टिश्यू पेपर घ्या, अडकला तर तो फाटतो, कापड बोटाला ओढून नेतं. टूल रेस्ट (हत्यार टेकवायची पट्टी) जवळ आणून लेथ एकदा हातानं फिरवून बघा, कुठे घासत नाही ना. मँड्रेलचा नट बोटांनी आवळाल तेवढाच. जास्त आवळला की दांडा वाकतो.

पॉलिश पेपर 150 पासून 600 नंबरपर्यंत क्रमानं मांडून ठेवा. प्रत्येक नंबरानंतर लेथ थांबवून एकदा लांबीच्या दिशेनं घासा.

शेवटी जोडणी. वेगळं प्रेस नसलं तरी शेगड्याच्या जबड्यांना लाकडी पट्ट्या लावून भागतं. सुटे भाग टेबलावर बसवायच्या क्रमानं मांडा. पिळायची यंत्रणा खालच्या भागात थोडी थोडी दाबा आणि दर वेळी रिफिल लावून टोक किती बाहेर येतं ते बघा. प्रमाणाबाहेर आत गेली तर रिफिलचं टोक परत आत जात नाही, आणि यंत्रणा लाकडाला धक्का न लावता बाहेर काढणं फार अवघड.