जुन्या वाड्यात भूतशोध: नवशिक्याने पहिली रात्र कशी काढावी

ग्वाल्हेरमध्ये भूतशोधाचा विचार मनात आला की प्रथम किल्लाच आठवतो. औरंगजेबाचा भाऊ मुरादबक्ष या किल्ल्यावर कैदेत होता आणि १६६१ मध्ये तेथेच त्याला देहदंड झाला. १२३२ मध्ये इल्तुतमिशने किल्ला घेतला, त्या वेळच्या जोहाराची आठवण जौहर कुंडाच्या नावात राहिली आहे. तरीही नवशिक्याने रात्री किल्ल्यावर जाऊ नये. संरक्षित स्मारकात सूर्यास्तानंतर परवानगीशिवाय थांबता येत नाही, आणि अंधारात तटाच्या कडेचा धोका कोणत्याही भुतापेक्षा खरा असतो. त्याऐवजी शहराच्या लष्कर नावाच्या भागात, जनकगंज किंवा दौलतगंजकडे, ओळखीच्या मराठी कुटुंबाचा जुना वाडा शोधावा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांची व भाडेकरूंचीही परवानगी घ्यावी. बंद पडलेल्या परक्या घरात शिरणे हा गुन्हा आहे.

परवानगी मिळाल्यावर आधी गोष्ट ऐकावी. “आजी, तुम्ही स्वतः काय पाहिलंत?” एवढेच विचारावे आणि मध्ये बोलू नये. “पांढरी साडी होती का?” असे विचारले की उत्तरात पांढरी साडी येतेच. स्वतः पाहिलेले एका पानावर आणि ऐकीव दुसऱ्या पानावर लिहावे. दुसरे पान बहुधा लवकर भरते. घरातल्या मृत माणसाचा विषय निघाला तर सांगणारा जेथे थांबेल तेथे आपणही थांबावे.

यानंतरची पायरी दिवसाची आहे आणि माझ्या मते खरा भूतशोध तीच आहे. सकाळी वाड्याचा साधा नकाशा काढावा: चौक, ओसरी, माडी, जिना, परसातला आड. त्यावर मीटरबोर्ड, पाण्याची टाकी, नळ, सैल खिडक्या आणि कबुतरांच्या जागा दाखवाव्यात. प्रत्येक खोलीचे तापमान साध्या थर्मामीटरने दुपारी, सूर्यास्ताला आणि रात्री नऊला नोंदवावे. इन्फ्रारेड थर्मामीटर भिंतीचे तापमान सांगतो, हवेचे नव्हे. त्यावरून ‘थंड जागा’ सापडली असे म्हणता येत नाही. भूतशोधाच्या नावाने विकले जाणारे विद्युतचुंबकीय मीटरही आरंभी घेऊ नयेत, कारण ते मीटरबोर्डापाशी आणि फ्रिजपाशीही हलतात. जिन्याची प्रत्येक पायरी पाय देऊन ऐकावी. दिवसभर तापलेले सागवान रात्री आकसते, तेव्हा कोणी चढत नसतानाही पायऱ्या क्रमाने वाजू शकतात. माळ्यावर गव्हाणी घुबड आहे का, हेही पाहावे: पांढरा चेहरा, आवाज न करणारे पंख आणि माणसाच्या किंकाळीसारखा कर्कश ओरडा, एवढ्यावर कितीतरी वाड्यांची कीर्ती उभी राहिली असावी.

रात्री एकट्याने बसू नये. चौघे असावेत आणि दोघादोघांनी दोन खोल्या वाटून घ्याव्यात. सर्वांची घड्याळे जुळवावीत, फोन विमान मोडवर टाकून त्यावर ध्वनिमुद्रण सुरू ठेवावे, आणि आपल्याकडून आवाज झाला तर लगेच “हा खोकला माझा”, “बाहेर टेम्पो गेला” असे मोठ्याने बोलावे. दुसऱ्या दिवशी ऐकताना अनेक ‘हाका’ याच एका सवयीमुळे सुटतात. काही दिसले वा जाणवले तर चर्चा न करता प्रत्येकाने वेळेसह आपापल्या वहीत लिहावे. फ्लॅशच्या फोटोतले पांढरे गोळे हे लेन्सजवळच्या धुळीवरून व किड्यांवरून परतलेल्या उजेडाचे असतात, त्यांची नोंद नको.

ग्वाल्हेरची थंडी कडक असते, पण बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडने डोके दुखते, भ्रम होतात आणि जीवही जातो. दोन वाजेपर्यंत बसणे पुरे आहे. झोप अनावर झाल्यावरचे अनुभव पुरावा म्हणून कामाचे नसतात.

सकाळी वह्या एकत्र वाचाव्यात आणि ध्वनिमुद्रण अशा माणसाला ऐकवावे ज्याला काय ऐकायचे आहे हे सांगितलेले नाही. मग प्रत्येक नोंदीचे कारण नकाशावर शोधावे. या कामात इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचे अभियंता विक टँडी यांचे उदाहरण मोलाचे आहे. प्रयोगशाळेत त्यांना डोळ्याच्या कोपऱ्यात करडी आकृती दिसली. पुढे शिकंज्यात धरलेले तलवारबाजीचे पाते आपोआप थरथरताना पाहून त्यांनी माग काढला आणि एका पंख्यामुळे उठणाऱ्या, सुमारे १९ हर्ट्झच्या, कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरींपर्यंत ते पोहोचले. १९९८ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्यांचे स्पष्टीकरण सर्वांनी मान्य केलेले नाही, पण घाबरल्यावरही मोजमाप करण्याची त्यांची रीत शिकण्यासारखी आहे.

शेवटी वाड्यातल्या मंडळींना सगळे सांगावे, आणि त्यांच्या संमतीशिवाय चित्रफीत किंवा पत्ता कोठेही देऊ नये. ज्या नोंदीचे कारण मिळाले नाही तिच्यापुढे ‘कारण सापडले नाही’ एवढेच लिहावे. पुढच्या वेळी अमावास्या पाहण्यापेक्षा तोच ऋतू आणि तीच वेळ धरून पुन्हा बसावे, कारण लाकूड व दगड उन्हाळ्यात एक वागतात आणि पौषात दुसरेच.