जुन्या गाडीच्या ओबीडी पोर्टवर वाइडबँड ऑक्सिजन सेन्सरचा आकडा कसा आणावा

जुन्या पेट्रोल गाडीला स्कॅनर लावून ऑक्सिजन सेन्सरचा आकडा बघितलात तर तो ०.१ आणि ०.९ व्होल्टच्या मध्ये सारखा उड्या मारताना दिसेल. सेन्सर बिघडलेला नसतो, त्याला येतंच तेवढं. हा नॅरोबँड सेन्सर. मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) आहे की लीन (हवा जास्त) एवढं तो सांगतो. किती, असं विचारलंत तर गप्प. ०.४५ व्होल्टच्या आसपास त्याचा आलेख कड्यासारखा उभा असतो आणि दोन्ही बाजूंना जवळजवळ सपाट. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सांभाळायला ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, तेवढं पुरतं. पण पूर्ण थ्रॉटलवर लॅम्डा (खरं हवा-इंधन प्रमाण भागिले आदर्श प्रमाण; १ म्हणजे नेमकं, त्याखाली रिच) ०.८५ आहे की ०.९५, हे त्यातून कळत नाही, आणि इंजिनचा जीव जपायचा तर नेमकं तेच कळायला हवं.

यावर ‘किती’ तेही सांगणारा वाइडबँड सेन्सर बसवून डॅशबोर्डला गेज लावणं हा सर्रास उपाय. पण गेजकडे बघताना आरपीएम बघता येत नाही, आणि रस्त्यावरून नजर तर काढूच नये. लॅम्डाचा आकडा आरपीएम, लोड आणि फ्युएल ट्रिमच्या (ईसीयूने इंधनात केलेल्या दुरुस्तीच्या) शेजारी, एकाच लॉगमध्ये नोंदला गेला तरच त्यातून काही हाती लागतं. म्हणून तो आकडा डायग्नॉस्टिक, म्हणजे ओबीडी, पोर्टवरच आणायचा. ईसीयूला हात लावायचा नाही, मूळ सेन्सर काढायचा नाही. त्याच लाइनवर बसून एका जास्तीच्या प्रश्नाचं उत्तर देणारी एक छोटी डबी जोडायची. मायक्रोकंट्रोलरवर थोडाफार प्रोग्रॅम लिहिण्याची आणि सोल्डरिंगची सवय असेल तर दोन सुट्ट्यांचं काम आहे.

पायरी १ : आधी गाडीलाच विचारा

अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून ओबीडी-२ सक्तीचं झालं, पण पोर्टमागची भाषा (प्रोटोकॉल) एक नव्हती : के-लाइन, जे१८५० आणि कॅन या त्यातल्या मुख्य. टॉर्च मारून १६ खाचांचा पोर्ट बघा. ७ नंबरच्या खाचेत पत्रा असेल तर के-लाइन, २ मध्ये असेल तर जे१८५०, ६ आणि १४ मध्ये असेल तर कॅन असण्याची शक्यता. खात्री मात्र ईएलएम३२७ अडॅप्टर लावूनच करा : गाडीशी जोडणी झाल्यावर ‘एटी डीपी’ असा आदेश दिला की तो प्रोटोकॉलचं नाव सांगतो.

मग ‘०१ २४’ विचारा. हा पहिल्या बँकेच्या (सिलिंडरांच्या रांगेच्या) पहिल्या वाइडबँड सेन्सरचा प्रमाणित पीआयडी, म्हणजे त्या आकड्याचा ठरलेला नंबर, आहे. त्याच्याच भावकीतला ‘०१ ३४’ही विचारून घ्या. यांपैकी कशालाही उत्तर आलं तर गाडीत वाइडबँड आधीपासूनच आहे. पुढचा खर्च वाचला. फक्त ‘०१ १४’ला, म्हणजे नॅरोबँडच्या पीआयडीला, उत्तर येत असेल तर गाडी नॅरोबँडची आहे, म्हणजे २४ नंबरची जागा रिकामी आहे. आपण तिथे बसणार.

जे१८५० वाल्यांनी या लेखातलं सेन्सरचं सगळं घ्यावं, पण लाइनवर बोलण्यासाठी वेगळी चिप आणि वेगळी बेरीज-तपासणी लागते, तो भाग इथे नाही.

पायरी २ : सेन्सर आणि कंट्रोलर

बॉशचा एलएसयू ४.९ घ्या. जुना ४.२ अजून मिळतो, पण त्याला अधूनमधून मोकळ्या हवेत धरून कॅलिब्रेट करावं लागतं. ४.९ च्या पोटात दोन कप्पे असतात. एक आतल्या पोकळीतलं मिश्रण मोजतो, दुसरा ऑक्सिजन आत-बाहेर पंप करून ती मोजणी ४५० मिलिव्होल्टवर धरून ठेवतो. पंपाला किती करंट लागला त्यावरून लॅम्डा काढतात. हे सगळं सुमारे ७८० अंश सेल्सियसला चालतं, त्यामुळे हीटरचं नियंत्रण फार नाजूक काम आहे. कंट्रोलर स्वतः बनवायच्या फंदात पडू नका, तयार आणा. आणि सेन्सरच्या वायरीवरचा प्लग कापू नका : त्या प्लगच्या आतच त्या सेन्सरपुरता जुळवलेला एक रेझिस्टर असतो. प्लग गेला की कॅलिब्रेशन गेलं.

कंट्रोलर निवडताना मी एकच गोष्ट बघतो, त्याला सीरियल किंवा कॅन असं डिजिटल आउटपुट आहे का. का, ते पायरी ४ मध्ये.

पायरी ३ : पाइपवरची जागा

सेन्सर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी हवा, पण एक्झॉस्ट पोर्टच्या अगदी तोंडाशी नको, तिथे तो भाजून निघतो. टर्बो असेल तर टर्बोच्या नंतर. पाइपच्या वरच्या अंगाला, घड्याळातल्या १० ते २ या आकड्यांच्या दरम्यान बसवा, म्हणजे साचलेलं पाणी सेन्सरच्या टोकावर थांबणार नाही. तापलेल्या सिरॅमिकवर पाण्याचा एक थेंब पडला तरी ते तडकतं. याच कारणासाठी इंजिन सुरू व्हायच्या आधी हीटर तापू देऊ नये.

वेल्ड करायच्या नटाचे आटे एम१८ बाय १.५. वेल्डिंगच्या आधी बॅटरी सोडवा. सेन्सर ४० ते ६० न्यूटन-मीटरला आवळा. नव्या सेन्सरच्या आट्यांना ग्रीस लावलेलं येतं, वर आणखी थापू नका. सेन्सरच्या आधी कुठे जोड फुंकत असेल तर तो आधी बंद करा, पण साध्या सिलिकॉन सीलंटने नाही, त्याची वाफ सेन्सर मारते. गळका जोड बाहेरची हवा आत ओढतो आणि सेन्सर ‘लीन’ म्हणतो. मिसफायर झाला तरी हेच, कारण न जळलेला ऑक्सिजन तसाच पुढे येतो. सेन्सर पेट्रोल मोजत नाही, ऑक्सिजनवरून अंदाज करतो, हे लॉग वाचताना डोक्यात ठेवा.

पायरी ४ : वीज आणि अर्थिंग

कंट्रोलरला वीज पोर्टच्या १६ नंबर पिनवरून घेण्याचा मोह होतो. घेऊ नका. ती पिन कायम बॅटरीला जोडलेली असते, म्हणजे हीटर रात्रभर बॅटरी खाईल. शिवाय तिचा फ्यूज बऱ्याचदा गाडीतल्या आणखी कशाशी तरी वाटलेला असतो. इंजिन चालू असतानाच जी वीज येते, उदाहरणार्थ फ्युएल पंपाच्या रिलेची, तिथून स्वतंत्र रिले आणि फ्यूज लावून घ्या.

अर्थचा किस्सा माझ्याच गाडीचा. पहिल्या वेळी मी कंट्रोलरचं ० ते ५ व्होल्टचं ॲनालॉग आउटपुट वापरलं होतं. कंट्रोलरचा अर्थ डॅशबोर्डखालच्या एका स्क्रूला आणि मायक्रोकंट्रोलरचा अर्थ पोर्टच्या ५ नंबर पिनला. लॉग छान दिसायचा. फक्त संध्याकाळी गाडी नेली की मिश्रण लीन व्हायचं. हवा गार म्हणून असेल, असं समजून मी फ्युएल प्रेशर तपासलं, फिल्टर बदलला, दोन रविवार घालवले. शेवटी उभ्या गाडीत, आयडलवर, सहज हेडलाइट लावले आणि स्क्रीनवरचा आकडा १४.७ वरून १५ वर सरकला. दिवे बंद, परत १४.७. स्क्रू आणि पिन यांच्यात मल्टिमीटर धरला तर दिवे लागल्यावर १५० मिलिव्होल्टचा फरक. माझ्या आउटपुटला ५ व्होल्ट म्हणजे हवा-इंधन प्रमाणाचे १० आकडे, त्यामुळे ०.१५ व्होल्ट म्हणजे ०.३. गाडी ठणठणीत होती, खोटं बोलत होता तो स्क्रू.

तेव्हापासून डिजिटल आउटपुट. तेही नसेल तर कंट्रोलरचा सिग्नल अर्थ आणि मायक्रोकंट्रोलरचा अर्थ एकाच बिंदूला आणा, आणि हीटरचा जाड अर्थ वेगळा इंजिन ब्लॉकला न्या.

पायरी ५ : आकड्याचं उत्तर बनवणं

पीआयडी २४ चं उत्तर चार बाइटचं असतं. पहिल्या दोनांत लॅम्डा, पुढच्या दोनांत व्होल्टेज. लॅम्डाला ३२७६८ ने गुणलं की पहिले दोन बाइट मिळतात. लॅम्डा १.०० असेल तर हेक्समध्ये ८० ००, ०.८७५ असेल तर ७० ००. व्होल्टेजला ८१९२ ने गुणायचं, म्हणजे २.५ व्होल्टचे ५० ००. ते नको असेल तर शून्य पाठवा. लॅम्डाची वरची मर्यादा २ च्या किंचित खाली आहे. उतारावर पाय काढल्यावर इंधन बंद होतं तेव्हा खरा आकडा याच्या कितीतरी वर जातो, म्हणून प्रोग्रॅममध्ये एफएफ एफएफला अडवून धरा. नाहीतर आकडा उलटून एकदम रिच दिसेल.

लॅम्डाच पाठवा, १४.७ वगैरे प्रमाण नको. १४.७ हे शुद्ध पेट्रोलचं. १० टक्के इथेनॉल मिसळलं की ते १४.१ च्या आसपास येतं, आणि टाकीत नेमकं काय आहे ते कोणाला ठाऊक? लॅम्डा १ मात्र सगळीकडे १ च.

आणि सेन्सर तापून तयार झाला नसेल तर डबीने उत्तरच देऊ नये. काही जण तोवर १.०० पाठवतात, ते मला पटत नाही. लॉगमध्ये रिकामी जागा परवडली, बनावट आकडा नाही.

आणखी एक काम. बरीच ॲप्स आधी ‘०१ ००’ आणि ‘०१ २०’ विचारून कोणकोणते पीआयडी आहेत याचा नकाशा घेतात, आणि नकाशात नसलेलं पुढे विचारतच नाहीत. म्हणून डबीने ‘०१ ००’ला ०० ०० ०० ०१ आणि ‘०१ २०’ला १० ०० ०० ०० असं उत्तर द्यावं. पहिल्याचा अर्थ ‘२० नंबरचा नकाशा माझ्याकडे आहे’, दुसऱ्याचा ‘त्यात फक्त २४ आहे’.

पायरी ६ : लाइनवर बसणं

गाडीची वायर कापू नका. एका टोकाला पोर्टमध्ये बसणारी आणि दुसरीकडे दोन तोंडं असलेली वाय-केबल मिळते. एका तोंडाला डबी, दुसऱ्याला स्कॅनर.

कॅनची गाडी सोपी. ११ बिटांच्या कॅनवर स्कॅनर ७डीएफ या आयडीवर सगळ्यांना मिळून प्रश्न विचारतो, इंजिनचा ईसीयू ७ई८ वर उत्तर देतो, गिअरबॉक्स बहुधा ७ई९ वर. ‘एटी एच१’ देऊन ‘०१ ००’ विचारा, कोण कोण बोलतं ते दिसेल. ७ईए मोकळा असेल तर तो घ्या. उत्तर असं जाईल : ०६ ४१ २४ ७० ०० ५० ०० ००. पहिला ०६ म्हणजे पुढे कामाचे सहा बाइट आहेत, शेवटचं शून्य भरतीचं. काही ॲप्स थेट इंजिनलाच, ७ई० वर विचारतात. तिथे डबीने बोलू नये. ॲपमध्ये स्वतःचा पीआयडी बनवून हेडर (प्रश्न ज्या आयडीवर जातो तो) ७डीएफ ठेवा.

कॅनचा स्वस्त मॉड्यूल जोडण्याआधी त्यावरचा १२० ओहमचा रेझिस्टर शोधा. गाडीच्या बसच्या दोन टोकांना असे दोन आधीच असतात. बॅटरी सोडवून पिन ६ आणि १४ मध्ये मोजलंत तर ६० ओहमच्या आसपास येईल. मॉड्यूल लावल्यावर तोच आकडा ४० झाला तर तो तिसरा रेझिस्टर तुमचा आहे. जंपर असेल तर काढा, नसेल तर सोल्डरिंग आयर्न तापवून रेझिस्टरच उचला.

के-लाइनला जास्त संयम लागतो. तिथे व्होल्टेज बॅटरीइतकं असतं, मायक्रोकंट्रोलरची पिन थेट जोडलीत तर ती जळेल. एल९६३७ सारखी ट्रान्सीव्हर चिप मध्ये घाला. वेग १०४०० बॉड. सुरुवातीला स्कॅनर सेकंदाला ५ बिट अशा संथ चालीने ३३ या पत्त्याला हाक मारतो. त्या ओळखपरेडीत ईसीयूलाच बोलू द्या. आयएसओ ९१४१ मध्ये पुढे ६८ ६ए एफ१ ०१ २४ आणि बेरजेचा बाइट ई८ असा प्रश्न दिसला की २५ ते ५० मिलिसेकंदांत ४८ ६बी, मग डबीचा स्वतःचा पत्ता, मग ४१ २४ आणि चार बाइट, शेवटी सगळ्यांची बेरीज. ईसीयूला २४ येत नाही, तेव्हा तिथे टक्कर होत नाही. ‘०१ ००’ला मात्र दोघंही बोलणार. आधी ईसीयूचं उत्तर पूर्ण ऐका, लाइन शांत झाली की मग आपलं. केडब्ल्यूपी२००० मध्ये तार आणि वेग तोच, पण हेडर वेगळं.

या लाइनवर सेकंदाला जेमतेम पाच-सहा प्रश्न होतात. चार पीआयडी लावलेत तर लॅम्डा सेकंदाला एकदा, फार तर दीडदा मिळेल. म्हणून लॉगमध्ये तीनच ठेवा : आरपीएम, लोड आणि २४.

पायरी ७ : खरं की खोटं ते पडताळणं

गरम इंजिन, सपाट रस्ता, स्थिर वेग. लॉग बघायला शेजारी कोणीतरी घ्या. ‘०१ १४’ नेहमीसारखा वर-खाली उड्या मारत असेल आणि २४ मध्ये लॅम्डा १ च्या आसपास किंचित हलत असेल, तर दोन्ही सेन्सरांचं जमलं. तो सतत ०.९६ किंवा १.०४ दाखवत असेल तर आधी गळका जोड आणि अर्थ बघा, मग सेन्सरवर शंका घ्या. उतारावर पाय काढा, आकडा वरच्या मर्यादेला टेकला पाहिजे. पूर्ण थ्रॉटलला टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन सहसा ०.८५ ते ०.९० मध्ये येतं. वायू सिलिंडरमधून सेन्सरपर्यंत यायला वेळ घेतो, आयडलला जास्त, वरच्या आरपीएमला कमी. थ्रॉटल दाबल्याक्षणी आकडा हलला नाही म्हणून घाबरू नका.

गाडी प्रदूषण तपासणीला किंवा दुसऱ्या कोणाच्या स्कॅनरला लावायची असेल तर डबी वाय-केबलसकट काढून ठेवा, अनोळखी ईसीयू दिसला की तपासणारा गोंधळतो. कंट्रोलरची वीज मात्र चालूच राहू द्या. पाइपमध्ये सेन्सर थंड ठेवून गाडी चालवली तर त्यावर काजळी बसते आणि तो थोड्याच दिवसांत जातो. वीज काढायचीच असेल तर सेन्सरही काढा आणि त्या नटाला एम१८ चा बूच मारा.