सरूप पदं एकत्र करताना चिन्ह मागे सोडू नका

काल भाचीची सातवीची वही बघत होते. आकडेमोड सगळी बरोबर पण उत्तर चुकलेलं, कारण पद उचलून दुसरीकडे लिहिताना त्याच्यामागचं वजाचं चिन्ह जागेवरच राहून गेलं. ही चूक दहावीच्या मुलांच्या वहीतही बघितलीय, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

सरूप पदं (काही जण सजातीय म्हणतात) म्हणजे ज्यांत अक्षरं तीच आणि घातांकही (अक्षरावरचा छोटा आकडा) तेच, पुढचा सहगुणक (अक्षराला गुणणारा आकडा) कितीही असू दे. पुस्तकात एक्स-वाय असतात, मी इथे अ आणि ब घेते. ७अ आणि −२अ सरूप. ३अब आणि ५बअ पण सरूप, कारण गुणाकारात क्रम कुठलाही चालतो. अ आणि अ² मात्र नाहीत, त्यामुळे अ + अ² चं अ³ करू नका प्लीज, आणि ३अ + २ब चं ५अब तर अजिबात नाही. नुसता अ दिसला की तो १अ.

बरेच जण शिकवताना अ म्हणजे आंबे, ब म्हणजे बोरं असं सांगतात, मला ते पटत नाही, कारण मग अब म्हणजे काय ते मुलांना कळत नाही. अ ही एक संख्या आहे, फक्त किती ते माहीत नाही. सात वेळा तीच संख्या घेतली, त्यातून दोनदा काढली, पाच वेळा उरली, झालं.

आता हे घ्या: ७अ + ३ब − ४ − (२अ − ५ब + १) + अ²

आधी कंस सोडवा. कंसाबाहेर वजा आहे म्हणजे आतल्या *प्रत्येक* पदाचं चिन्ह बदलतं, फक्त पहिल्याचं नाही:

७अ + ३ब − ४ − २अ + ५ब − १ + अ²

मग स्केचपेन घ्या. अ च्या पदांना एक रंग, ब च्या पदांना दुसरा, नुसत्या आकड्यांना तिसरा, आणि गोल करताना डावीकडचं चिन्ह गोलाच्या आत आलं पाहिजे, सगळा खेळ इथेच आहे. ७अ − २अ = ५अ, ३ब + ५ब = ८ब, −४ − १ = −५, अ² एकटाच. उत्तर: अ² + ५अ + ८ब − ५.

रंगांवरून आठवलं, भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या सिद्धान्तशिरोमणीतल्या बीजगणितात हाच नियम आहे, समान जातीची पदं मिळवा, वेगळ्या जातीची वेगळी ठेवा, आणि तिथे पहिली अज्ञात संख्या यावत्तावत् (म्हणजे जितकं तितकं), पुढच्यांना चक्क रंगांची नावं, काळक, नीलक, पीतक, लिहिताना नुसतं का, नी, पी. भाचीला हे सांगितलं तर तिने लगेच निळा पेन उचलला.

शेवटी ताळा करा, एक मिनिट लागतं. अ = २, ब = ३ ठेवा. मूळ राशी: १४ + ९ − ४ − (−१०) + ४ = ३३. उत्तर: ४ + १० + २४ − ५ = ३३. जुळलं. कंसातलं फक्त पहिलंच चिन्ह बदललं असतं तर ५ आलं असतं आणि चूक तिथेच पकडली गेली असती. ताळ्याला ० किंवा १ मात्र घेऊ नका, कारण त्यांचा वर्ग केला तरी तेच येतं, मग अ आणि अ² मधली गल्लत दिसतच नाही.