कुलाबा किल्ल्यावर चालत जाण्याआधी

अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ला अगदी समोर दिसतो. ओहोटीला मधली वाळू उघडी पडते आणि माणसं पायी जातात. मागच्या माघात आम्हीही गेलो, आई आणि दोन मुलांना घेऊन. परत येताना पाणी आईच्या कमरेला लागलं होतं. एका घोडागाडीवाल्या दादांनी गाडी पाण्यात घालून तिला आणि धाकटीला वर घेतलं, म्हणून निभावलं.

तर पहिली गोष्ट परतीची वेळ. जायची नव्हे, परतीची. मी ओहोटी पाहूनच निघालो होतो. सकाळी ९ ची होती आणि बरोबर ९ ला आम्ही वाळूत उतरलो. इथेच चुकलं. ९ ची ओहोटी म्हणजे ९ ला पाणी सगळ्यात खाली, त्यानंतर ते चढणारच. पाणी उतरत असतानाच, ओहोटीच्या दीड तास आधी, किनाऱ्यावर हजर राहा. वाट मोकळी झाली की निघा आणि ओहोटीच्या वेळेला किल्ल्याच्या दरवाजातून बाहेर पडा. ही बाहेर पडायची वेळ कागदावर लिहा, मोबाईलवर गजर लावा, बरोबरच्या प्रत्येकाला सांगा. भरतीचा पहिला तास फसवा असतो, पाणी जेमतेम चढतं. तिसऱ्या-चौथ्या तासात मात्र एकूण चढाच्या निम्मं पाणी येतं. शिवाय ते समोरून येत नाही, किल्ल्याला दोन्ही बाजूंनी वळसा घालून येतं. मागे वळून पाहीपर्यंत वाट गेलेली असते.

दिवस निवडताना तिथी बघा. तिथीला तीनाने गुणायचं आणि चाराने भागायचं, की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला ३, म्हणजे ओहोटी सकाळी ९ च्या सुमारास. अष्टमीला भरती ६ ला, म्हणून ओहोटी भर दुपारी १२ ला. वेळ सोयीची वाटते, पण ते भांगाचे दिवस, पाणी पुरतं उतरत नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, वाळू लांबवर सुकते, पण ओहोटी पडते पहाटे आणि संध्याकाळी ५-६ ला. संध्याकाळी गेलात तर परत अंधारात याल. ते नकोच. तृतीया ते पंचमी बरी. हा हिशेब दिवस ठरवण्यापुरता, नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यातच बघायची. रोज वेळ पाऊण तासाच्या वर पुढे सरकते, तेव्हा कालच्या वेळेवर आज जाऊ नका. किनाऱ्यावरच्या गाडीवाल्यांना विचारा, तेही 'आता जाता येईल का' असं नको, 'किती वाजेपर्यंत परत यायचं' असं.

पायात मागे पट्टा असलेली सँडल. साधी चप्पल चिखलात राहते आणि अनवाणी गेलात तर खडकावरची कालवं तळवे कापतात. मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत. पाणी, टोपी नेहमीसारखं. वयस्कर माणूस बरोबर असेल तर जाता-येता घोडागाडीच करा, पैशाचा विचार नको.

आत काय बघायचं ते आधी ठरवून जा, कारण हातात तासभरच असतो. आमचा वेळ तिथेच गेला, आणि तो जाण्यासारखाच किल्ला आहे. १६८० मध्ये शिवाजी महाराजांनी काम सुरू केलं, संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं. तटाचे मोठाले दगड चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेले आहेत. लाट फटींत शिरते आणि तिचा जोर तिथेच मोडतो. कान्होजी आंग्र्यांचं हे मुख्य ठाणं. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून चालून आले आणि हात हलवत परत गेले. रघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं सिद्धिविनायकाचं मंदिर, त्यापुढची पुष्करणी, समुद्राच्या मधोमध असलेली गोड्या पाण्याची विहीर आणि उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यांवरच्या दोन इंग्रजी तोफा, एवढं पुरे. शेजारच्या सर्जेकोटाला जायचा मोह आवरा. आम्ही 'पाचच मिनिटं' म्हणून गेलो होतो, आणि परतीची वेळ तिथेच हुकली. गजर वाजला की मंदिरात असाल तरी निघा. मुलं रडली तरी निघा.

समजा उशीर झालाच, तर पाण्यात उतरू नका. किल्ल्यातच थांबा. हंगामात भरतीला होड्या चालतात, नाहीतर पुढच्या ओहोटीची वाट बघा. आम्ही उतरलो, तसं करू नका.

पावसाळ्यात हा बेतच नको.

बाकी गावातलं. कान्होजींची समाधी अलिबागेतच आहे, ती बघा. मुंबईहून गेटवे ते मांडवा बोट आणि पुढे बस. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ सकाळीच विचारून घ्या. थंडीत गेलात तर पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा, खा. पांढरा कांदा येताना घ्या, जाताना ओझं कशाला.