समाजशास्त्र दुय्यम विषय म्हणून अभ्यासताना

समाजशास्त्राची भाषा ओळखीची आणि उदाहरणे रोजच्या जगण्यातली असल्यामुळे, दुय्यम विषय म्हणून ते घेतलेले बरेच विद्यार्थी परीक्षा तोंडावर आल्यावर व्याख्या पाठ करून मोकळे होतात. पण येथे शिकायची असते ती प्रश्न विचारण्याची पद्धत, आणि ती आठवडाभरात अंगवळणी पडत नाही.

माझ्या मते, सुरुवात फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्युरकेम यांनी १८९७ साली प्रसिद्ध केलेल्या आत्महत्याविषयक अभ्यासापासून करावी. अत्यंत व्यक्तिगत वाटणारी कृती निवडून त्यांनी एकेका माणसाचे दुःख शोधण्याऐवजी निरनिराळ्या समूहांतील आत्महत्यांचे प्रमाण ताडून पाहिले. प्रोटेस्टंटांमध्ये ते कॅथलिकांपेक्षा अधिक आढळले आणि त्याचे कारण त्यांनी व्यक्ती समूहाशी किती घट्ट बांधलेली आहे, यात शोधले. मृत्यूची नोंद करणारे अधिकारी ‘आत्महत्या’ हे कारण कसे ठरवतात, असा आक्षेप पुढे या आकडेवारीवर घेतला गेला. सिद्धांताबरोबर तो आक्षेपही वाचावा. विषय खरा तेथेच उलगडतो.

मुख्य विषयाशी सांगड घातली की अभ्यासाचे ओझे बरेच हलके होते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांचे धर्म आणि भांडवलशाही यांविषयीचे विवेचन आधी घ्यावे. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला नमुना निवड आणि प्रश्नावली हे भाग जवळचे वाटतील.

सत्रात एक छोटे निरीक्षण मात्र स्वतः करावे. एखाद्या रांगेजवळ अर्धा तास उभे राहून मध्ये कोण घुसते, त्याला कोण हटकते, कोणत्या शब्दांत हटकते आणि बाकीचे कोठे पाहतात, हे टिपावे. ‘तो चिडला’ असे न लिहिता ‘त्याने आवाज चढवला आणि तो एक पाऊल पुढे आला’ असे लिहावे, कारण पहिले वाक्य आपला अर्थ सांगते, दुसरे प्रत्यक्ष दिसलेले. नावे टाळावीत.

उत्तर लिहिताना व्याख्या दोन ओळींत आटोपून विचारवंताचा युक्तिवाद, त्याचा पुरावा आणि त्यावरील आक्षेप यांना जागा द्यावी. स्वतःचे निरीक्षण जोडायचे असल्यास ते पुराव्याच्या जागी न ठेवता उदाहरण म्हणूनच द्यावे.