फ्रान्सचा लाँग-स्टे व्हिसा: नेमणूकपत्रातल्या नावाचा घोळ असा निस्तरला

फ्रान्समधल्या सरकारी शाळेत इंग्रजीचा भाषा-सहायक म्हणून काम मिळालं: आठवड्याला १२ तास, ऑक्टोबर ते एप्रिल. मुक्काम ९० दिवसांच्या वर, म्हणजे साधा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा, पण थोड्या दिवसांचा) बाद; लाँग-स्टे, म्हणजे दीर्घ मुक्कामाचाच हवा. 'फ्रान्स-व्हिसाज' पोर्टलवरचा अर्ज कंटाळवाणा आहे, अवघड नाही.

घोळ झाला तो नेमणुकीच्या आदेशात. आडनावाच्या जागी माझं पहिलं नाव, आणि आडनाव गायब. पासपोर्टवर सगळं व्यवस्थित. "चालून जातं रे," असं बऱ्याच जणांचं मत पडलं. मला ते पटेना. कामाचा व्हिसा याच कागदाच्या जोरावर मिळतो, आणि पुढे पगार, बँक खातं, सोशल सिक्युरिटी, सगळीकडे हेच नाव चिकटतं.

मग पासपोर्टचं फोटोचं पान स्कॅन केलं, नाव आणि आडनाव यांभोवती लाल चौकटी काढल्या, आणि नेमणूक करणाऱ्या कार्यालयाला फ्रेंचमध्ये चार ओळींचा ईमेल टाकला: काय छापलंय, काय हवंय, बस. जुलैतच पिच्छा पुरवला. ऑगस्टमध्ये तिथे निम्मी माणसं सुट्टीवर! दुरुस्त आदेश आल्यावर अर्जातलं नाव पासपोर्टच्या तळाशी असलेल्या त्या बाण-बाणवाल्या ओळींशी अक्षरन्‌अक्षर ताडून पाहिलं, मगच अपॉइंटमेंट घेतली.

व्हिसाचं स्टिकर हातात पडताच स्पेलिंग आणि तारखा तपासा. आणि हो, फ्रान्समध्ये पोचल्यावर ३ महिन्यांच्या आत तो ऑनलाइन व्हॅलिडेट करून शुल्क भरावं लागतं.