चळवळीतल्या कलावंताची ट्रंक आवरताय? या चुका टाळा

घरात लाल बावट्याचा शाहीर किंवा चित्रकार होऊन गेला असेल, तर माळ्यावर एक ट्रंक असतेच. जन्मशताब्दी जवळ आली की ती खाली येते आणि पंधरा दिवसांत घरचेच तिची वाट लावतात. वाळवीने केलेलं नुकसान त्यापुढे काहीच नाही.

पहिली चूक म्हणजे पाकिटं टाकणं. एका घरच्या सूनबाई फोनवर म्हणाल्या, "काका, तुम्ही यायच्या आत सगळं लावून ठेवते." गेलो तर पत्रं तारीखवार फायलींत, प्रत्येकाला प्लास्टिकचं कव्हर. पाकिटं? "रद्दीत दिली, रिकामीच होती ना!" मी मटकन खाली बसलो. 1948 नंतरच्या कम्युनिस्टांच्या धरपकडीत भूमिगत झालेला माणूस पत्रावर ना गाव घालायचा ना तारीख. खाली सही 'मामा' किंवा 'तुझी ताई'. कुठून, कधी, हे सांगणारा एकच साक्षीदार, पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का. मग यांनी पत्रं तारीखवार लावली कशी? अंदाजाने! पत्रात पाऊस आहे, म्हणजे जुलै.

माझी सवय सांगतो. पहिल्या दिवशी कशालाच हात लावत नाही. झाकण उघडून वरून फोटो, मग एकेक थर उचलताना फोटो. गठ्ठा ज्या नाडीने बांधलाय तीसुद्धा ठेवतो, कारण कोणती पत्रं एकत्र बांधायची हे त्या माणसाने स्वतः ठरवलेलं असतं. पत्र आणि पाकीट दोन्हींच्या मागे कोपऱ्यात एकच नंबर, मऊ पेन्सिलीने. पेन घेऊन बसणाऱ्याला मी खोलीबाहेर काढतो. 'एका रविवारात उरकू' म्हणणाऱ्यालाही.

सेलोटेप नको, काही वर्षांत पिवळा पडून शाई घेऊन निघतो. लॅमिनेशन तर नकोच नको. टाचण्या गंजायच्या आत काढा, पण ओढून नव्हे. मुंबई-कोकणच्या पावसात प्लास्टिकच्या पिशवीची गाठ मारलीत तर बुरशी घरचीच.

दुसरी मोठी चूक: 'कलेचं' एका बाजूला, 'घरचं' रद्दीत. अहो, मानधन किती महिने थकलं होतं हे वाण्याच्या उधारीच्या वहीत कळतं, पोस्टरवर नाही. पोवाड्याचा कच्चा खर्डा मला एकदा रॉकेलच्या पावतीमागे सापडला होता. आणि घरच्यांनी जपलं तर काय उरतं तेही बघा. कम्युनिस्ट चित्रकार चित्तप्रसाद 1943 च्या बंगालच्या दुष्काळात तिथला मिदनापूर जिल्हा फिरले. त्यावरचं त्यांचं सचित्र पुस्तक इंग्रज सरकारने जप्त करून जाळलं. कुटुंबाने एक प्रत सांभाळली होती म्हणून ते पुढे पुन्हा छापता आलं. त्याच दुष्काळावर इकडे अण्णाभाऊ साठ्यांनी 'बंगालची हाक' हा पोवाडा लिहिला. तुमच्या ट्रंकेत त्या काळातलं एखादं फाटकं चोपडं निघालं, तर फेकण्याआधी दहादा विचार करा.

"आजोबांचं पार्टीशी बिनसलं होतं, ती पत्रं देऊ नका" असंही घरोघरी ऐकतो. चित्तप्रसादही पुढे पक्षापासून दूर गेले, त्याने त्यांची चित्रं कमी लाल झाली का? लाज वाटत असेल तर वेगळ्या पाकिटात घाला, वर 'इतक्या वर्षांनी उघडा' लिहा. फाडू नका.

दुसऱ्याने लिहिलेलं पत्र थेट फेसबुकवर टाकू नका. कागद तुमचा असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, त्याच्या पश्चात वारसांचा. आणि मोबाइलच्या स्कॅनिंग अ‍ॅपवर फार भिस्त नको, ते कडा आपोआप कापतं. समासातल्या नोंदी जातात त्या तिथेच.

त्या सूनबाईंच्या घरी पुढे एका जुन्या वहीत तीन कोपरे सापडले, नातवाने तिकिटांसाठी पाकिटांचे कापलेले. एकावर 'सोलापूर' वाचता येतं. सालातला 4 दिसतो, पुढचा आकडा कात्रीत गेला.